नावं ठेवण्याची खोड

४ जानेवारी

प्रिय मास्तरीणबाई,

मामाचा आशीर्वाद. तू सांगितलंस तसं कागदावर लिहितोय. तुझ्या कामाचा विषय फोनवर काढायचा नाही, मेसेजमध्ये तर नाहीच, असं तू नोकरी लागली तेव्हाच बजावलं होतंस. पोरगी नोकरीला लागली की हेरखात्यात, म्हणून मामी तेव्हा हसली होती. आज हसायची वेळ नाही, कारण विषय तुझ्या कामाच्या जवळचाच आहे.

दुकानाचं फोनवरचं आपलं पान बंद झालं. सकाळी देवाचं नाव घेऊन दुकानाचं शटर वर केलं, दोघी शिवणाऱ्या आपापल्या मशीनवर बसल्या, आणि रोजच्यासारखं दोन ओळी लिहायला फोन उघडला, तर पानाच्या जागी राखाडी चौकोन. त्यात लिहिलंय, समाजाच्या सुरक्षिततेचे नियम मोडल्यामुळे हे पान काढण्यात आलं आहे. कोणता नियम, कधी मोडला, कोणाचं काय बिघडलं, काही नाही. खाली ‘फेरविचार मागा’ असं बटण आहे. ते मी अजून दाबलेलं नाही. दाबलं आणि आहे तेही गेलं तर काय घ्या.

तुला दुकान माहीत आहे. मागच्या गल्लीत, जिथे फक्त चुकलेला माणूस येतो. पान सुरू केलं तेव्हापासून शहराच्या दुसऱ्या टोकाहून लोक मोडक्या खुर्च्या, खचलेले सोफे टेम्पोत घालून पाठवायला लागले. त्यांना आपल्या ओळी आवडायच्या. खुर्च्यांना नातेवाइकांची नावं द्यायची आपल्याकडची जुनी पद्धत मी फक्त लिहून काढायचो. उंच पाठीचे ते आजोबा, बुटकी रुंद ती मावशी, आणि हलवायला चार माणसं लागतात तो सोफा म्हणजे थोरल्या जाऊबाई. मामी म्हणते, दिवसभर खुर्च्यांना नावं ठेवता आणि घरी आल्यावर माणसांना. म्हणू दे. पण पान आहे तोवर काम आहे, आणि काम आहे तोवर त्या दोघी आहेत. पान उघडलं नाही, तर मार्चअखेर एकीला थांब म्हणावं लागेल. दोघी सख्ख्या जावा, एकमेकींशी बोलत नाहीत, मधे मला उभं करून ‘त्यांना सांगा कात्री द्या’ म्हणतात. तरी एकीला काढलं तर दुसरी आपण होऊन निघेल.

माझा संशय कोणावर ते सांगतो. हमरस्त्यावरचं काचेचं शोरूम. त्यांनी नुकताच जुनं फर्निचर दुरुस्त करायचा विभाग उघडलाय. आणि त्या विभागात कोण आहे, तर आपला ठोक्या. माझ्या हाताखाली चुका ठोकायला शिकला, म्हणजे आपले ते बारीक खिळे, आणि गेल्या वर्षी तिकडे गेला. आपलं पान कसं चालतं, कोण गिऱ्हाईक कुठून येतं, सगळं त्याला ठाऊक.

तू आतली आहेस. मराठीतल्या ज्या पोस्टींवर तक्रार येते त्या तुमच्याकडे येतात, असं तूच म्हणाली होतीस. मला बाकी काही नको. तक्रार कोणी केली तेवढं नाव बघ. पुढचं मी बघतो.

आईला नमस्कार सांग. गुडघ्याला जपायला सांग.

तुझा मामा


१३ जानेवारी

प्रिय मामा,

नमस्कार. पत्र मिळालं. वाचून फार वाईट वाटलं. उत्तराला उशीर झाला, कारण काय लिहावं आणि किती लिहावं ते ठरत नव्हतं.

तक्रार कोणी केली ते मला दिसत नाही. खरंच दिसत नाही. आम्ही आत जाताना फोन, पेन, कागद सगळं दारावरच्या कपाटात ठेवतो. आत फक्त पडदा. एकामागून एक मजकूर येतो, आणि प्रत्येकाला तीनपैकी एक बटण: ठेवा, काढा, दुसऱ्याकडे द्या. समोरच्या भिंतीवर मोठ्या टीव्हीवर आमच्या गुणांची क्रमवारी चालू असते. वरचे अधिकारी जे ठरवतात त्याच्याशी आपला निर्णय जुळला तर गुण वाढतात. खाली घसरलेल्यांच्या खुर्चीमागे येऊन आमच्या गटाची प्रमुख नुसती उभी राहते. आम्ही तिला मॉनिटर म्हणतो. ती रागावत नाही, त्याचीच भीती वाटते.

तुम्हाला समजावं म्हणून एवढं सांगते, तेही सांगायला नको. नव्या कायद्याने साइटवाल्यांना बांधलंय. मारहाणीचा, धमकीचा मजकूर ठरलेल्या वेळेत काढला नाही तर जबर दंड. म्हणून शंका आली की काढायचं, असं चाललंय. ठेवून चुकलं तर कंपनीला भोवतं. काढून चुकलं तर ज्याचं काढलं त्याला.

आता तुम्ही काय करा ते सांगते. फेरविचाराचं बटण दाबा. त्याने काही जात नाही. अर्ज साधा लिहा: दुकान काय करतं, किती वर्षांचं आहे, खुर्च्यांना नातेवाइकांची नावं द्यायची पद्धत आहे. विनोद नको. कोणावर आरोप नको. शोरूमचं नाव नको, ठोक्यादादाचं तर नकोच. आणि यापुढे ‘आजोबांचे पाय कापले, उद्या मावशीचं पोट फाडणार’ असलं काही लिहू नका. आपल्याला हसू येतं, पण वाचणाऱ्याला आजोबा म्हणजे खुर्ची हे कसं कळणार?

शेवटची विनंती. अर्जात माझा उल्लेख कुठेही करू नका. भाची तिथे आहे, ओळख आहे, असं एक अक्षरही नको. आणि तुम्ही मला विचारलंत हे आईलाही सांगू नका.

तुमची,
मास्तरीण


२२ जानेवारी

चि. भाचीस,

पत्र पोचलं. सल्ल्याबद्दल आभारी आहे.

मधे एक गोष्ट झाली ती आधी सांगतो. परवा शोरूमच्या मागच्या बाजूला गेलो होतो, जिथे त्यांचा माल उतरतो. ठोक्या दारातच होता. तोंडात चार चुका धरून खुर्चीची पट्टी ताणत होता, मी शिकवलं होतं अगदी तसं. मला बघून उठला, चुका हातात काढल्या, बसायला स्टूल पुढे केलं. मी बसलो नाही. विचारलं, पान तू बंद करवलंस का. त्याला आधी समजलंच नाही. मग म्हणाला, “मालक, मी कशाला करीन? तुमच्या ओळी तर मी घरी वाचून दाखवतो.” मी म्हटलं, वाचून दाखवणाराच दाखवून देतो. आवाज चढला माझा. आजूबाजूचे हमाल बघायला लागले. त्याने पुन्हा स्टूल पुढे सरकवलं, तेव्हा मी ते पायाने बाजूला केलं.

तेवढ्यात शोरूमचे मालक गाडीतून उतरले. “काय मास्तर, बरं आहे ना?” म्हणाले. मी म्हटलं, आपल्या कृपेने. आणि निघालो.

येताना एक पाहिलं. त्यांच्या पानाची जाहिरात मोठ्या काचेवर फिरत होती. त्यात लिहिलं होतं, ‘आजीबाईंची कंबर मोडली? आम्ही नवीन बसवून देतो.’ ही आपली तऱ्हा आहे. शब्द आपले आहेत. त्यांचं पान उघडं, आपलं बंद. आता सांग, मला संशय येऊ नये तर काय यावं?

आता दुसरी गोष्ट. ती लिहायला मला जड जातंय.

तू लिहिलंस, आजोबांचे पाय कापले असं लिहू नका. मी ते लिहिलं होतं हे खरं. पण ते मी तुला पत्रात कळवलेलं नाही. पुन्हा पुन्हा वाचून पाहिलं. मामीला विचारलं, तिने फोनवर सांगितलंय का, तर नाही. तुझ्या आईच्या फोनवर ती साइट नाहीच. आणि तू तर ती फोनमधून काढून टाकली आहेस. दिवसभर तेच बघून डोळे विटतात, म्हणून वर्षभर उघडलेली नाही, असं तूच इथे अंगणात बसून सांगितलंस. ती ओळ मी लिहिली आणि तिसऱ्या दिवशी पान गेलं.

मग तू ती वाचलीस कुठे?

मी शाळा शिकलो ती गावची, एका खोलीत चार वर्ग बसायचे. शेजारच्या वर्गाला काय शिकवतात ते न ऐकल्यासारखं करून ऐकायची सवय तिथली आहे. माणूस काय बोलतो त्यापेक्षा कुठे अडखळतो ते मला आधी ऐकू येतं. तू ‘खरंच दिसत नाही’ असं लिहिलंस. साधं ‘दिसत नाही’ पुरलं असतं.

उत्तराची वाट बघतो.

मामा


२९ जानेवारी

मामा,

तुम्ही विचारलंत ते मी सांगू शकत नाही. रागावून सांगत नाही असं नाही. सांगता येत नाही.

तुमच्या वाईटाचं मी काही केलेलं नाही. याहून जास्त काही लिहिलं तर मी सही करून दिलेला शब्द मोडतो, आणि माझ्या नोकरीवर घर चालतं हे तुम्हाला माहीत आहे.

अर्ज केलात का? केला नसेल तर लवकर करा, मुदत असते. मी सांगितलं तसाच करा.

ठोक्यादादाला बोललात ते बरं झालं नाही.

तुमची भाची


९ फेब्रुवारी

चि. भाचीस,

तुझं चार ओळींचं पत्र मिळालं. ‘वाईटाचं काही केलेलं नाही’ असं माणूस कधी म्हणतो, तर काहीतरी केलेलं असतं तेव्हा. मी तुला लहानपणी शुद्धलेखनाचं बक्षीस मिळालं तेव्हा खांद्यावर घेऊन गावभर फिरलो. आज तुझ्या एकेका शब्दाखाली काय आहे ते चाचपत बसलोय. हे दिवस देव का दाखवतो, हे मी त्याला रोज विचारतो. तो तरी उत्तराला मुदत घालत नाही.

मामी म्हणते, पोरीला त्रास देऊ नका. मामीला मी म्हटलं, त्रास कोण कोणाला देतंय ते बघायचं आहे. या महिन्यात दोनच कामं आली. एक डॉक्टरीणबाईंच्या वेटिंगमधलं बाक आणि एक शेजारधर्म म्हणून. धाकट्या शिवणारीने परवा मला मधे न घालता थोरलीला स्वतः विचारलं, आपल्याला थांबा सांगितलं तर तुम्ही काय करणार. तेव्हा मला कळलं, की दोघींनाही कळलंय.

अर्ज केला. तू म्हणालीस तसं सगळं लिहिलं. दुकान, पद्धत, खुर्च्या. विनोद केला नाही. पण शेवटी एक परिच्छेद माझ्या मनाने घातला. लिहिलं, की आपल्या कामाची मला कल्पना आहे, माझी सख्खी भाची मराठी मजकूर तपासणाऱ्यांतच आहे, तिने माझं लिखाण वाचलेलं आहे, शंका असेल तर तिलाच विचारावं, ती खोटं बोलणार नाही.

तू नको म्हणाली होतीस. माहीत आहे. पण मी असा विचार केला, की तुझं मन स्वच्छ असेल तर तुझ्या नावाने मला मदतच होईल. आणि नसेल तर तेही एकदा कळेल. दोन्हीकडून माझं कामच होतंय.

आता बघू.

मामा


२० मार्च

प्रिय मामा,

सव्वा महिन्याने लिहितेय. मधे तुमचे दोन फोन आले ते मी उचलले नाहीत. आईला सांगितलं की कामात आहे. कामात नव्हते. मला काढलं.

आता सगळं सांगते. सही अजून लागू आहे, पण निदान जायला नोकरी उरलेली नाही.

तुमच्याविरुद्ध तक्रार कोणी केली नव्हती. शोरूमने नाही, ठोक्यादादाने नाही, कोणीच नाही. कापणं, फाडणं, मारणं असे शब्द आजोबा, मावशी अशा शब्दांच्या शेजारी आले की यंत्र ते आपोआप बाजूला काढतं. तुमच्या पोस्टींत एकच वाक्य असं होतं का, मामा? ‘थोरल्या जाऊबाईंची हाडं मोकळी केली, आता टाके मारायला घेतो.’ यंत्राला वाटलं, एका घरात म्हाताऱ्या माणसांचे हाल चाललेत आणि कोणीतरी ते रोज मजेत लिहितंय.

ते माझ्या पडद्यावर आलं. पहिल्याच ओळीला तुमचा आवाज ऐकू आला. दुकानाचं नाव आमच्या पडद्यावर झाकलेलं असतं, पण मला ते लागलंच नाही. हसू आलं आणि लगेच नियम आठवला. नियम असा, की ओळखीच्या माणसाचं आलं तर तिसरं बटण दाबायचं, ते शेजारच्याकडे जातं. मी ते दाबलं नाही. माझ्या शेजारी एक मुलगी बसायची. कमी बोलायची, जेवायलाही एकटी, आणि भिंतीवरच्या क्रमवारीत कायम वर. मला ती मॉनिटरची माणूस वाटायची. वाटलं, हिच्याकडे दिलं की ही डोळे झाकून ‘काढा’ दाबणार. म्हणून मी स्वतःच ‘ठेवा’ दाबलं.

क्रमवारीत वर असणाऱ्यांचा ‘ठेवा’ तसाच चालतो, माझ्यासारख्या खालच्यांचा प्रत्येक ‘ठेवा’ वरून पुन्हा तपासतात. ‘काढा’ क्वचितच. वरून माझा निर्णय चुकीचा ठरला, पान गेलं, माझे गुण उतरले. एवढ्यावर भागलं असतं. गुण उतरतात, चढतात.

पण तुमचा अर्ज आला. तो खरोखर एका माणसाने वाचला, मामा, शेवटपर्यंत. शेवटचा परिच्छेद वाचल्यावर मात्र त्याने वरचं काहीच पाहिलं नाही. कोणती भाची, तिने काय दाबलं, एवढंच शोधलं. मला आत बोलावलं. मॉनिटर होती, आणखी दोघं होते. विचारलं, अर्जदार कोण. मी म्हटलं, मामा. विचारलं, माहीत असताना ठेवलंत? मी म्हटलं, ती खुर्ची होती. मॉनिटर म्हणाली, “खुर्ची होती की नाही हा प्रश्न नाहीये.” आणि खरंच नव्हता. तुमच्या अर्जावर शेरा पडला: ओळखीने सोडलेला मजकूर, फेरविचार फेटाळला.

सामान घ्यायला कपाटाशी गेले तेव्हा ती शेजारची मुलगी मागून आली. माझी चूक सगळ्यांना उदाहरण म्हणून दाखवली होती, त्यात तिने ती वाचली होती. हळूच विचारलं, “आजोबा म्हणजे खुर्ची ना? आमच्या घरी शिलाई मशीनला आत्या म्हणतात.”

मी तिच्याकडे दिलं असतं तर तुमचं पान आज उघडं असतं.

शोरूमचंही सांगून टाकते. त्यांची आजीबाईंची जाहिरातही यंत्राने अडवली असणार, शब्द तेच आहेत. पण जाहिरातीचे पैसे देणाऱ्यांची रांग वेगळी, वरच्या मजल्यावर. तिथे काढायच्या आधी फोन करतात, ‘साहेब, याचा अर्थ काय हो?’ साहेब सांगतात, खुर्ची. फोन ठेवतात. खालच्या रांगेत विचारायची सोयच नाही. आम्हाला फोन दारावर ठेवावे लागतात.

आता एक मार्ग आहे. साइटवाल्यांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी नियामक कार्यालयाने पान गेलेल्या छोट्या धंदेवाल्यांचं म्हणणं ऐकायला सुरुवात केलीय. तुमच्या बाजूने मी लिहून देऊ शकते: काय आलं, मी काय दाबलं, दोन रांगा कशा चालतात. आतल्या माणसाने लिहून दिलं तर पान परत मिळायची बरीच शक्यता आहे. कंपनी माझ्यावर दावा लावू शकते, सही केलेली आहे. लावेलच असं नाही. दुसरी नोकरी मिळायला मात्र अवघड जाईल. तुम्ही हो म्हणालात तर मी देते. मनापासून म्हणतेय.

तुमच्यावर राग नाही असं लिहिणार होते. आहे. पण तो जुन्या पत्रावरचा आहे, तुमच्यावरचा नाही, असं मी सध्या ठरवलंय.

मास्तरीण


३० मार्च

प्रिय मास्तरीणबाई,

पत्र दुकानात आलं. अर्धवट उसवलेल्या एका खुर्चीच्या सांगाड्यावर बसूनच वाचलं. पहिल्यांदा काय केलं माहीत आहे? पाकीट उलटून बघितलं, कोणी वाटेत फोडून पुन्हा चिकटवलंय का. मग स्वतःचीच लाज वाटली. इतकी सवय लागली आहे.

कोणीच तक्रार केली नव्हती, हे मला अजून नीट झेपलेलं नाही. तीन महिने मी एका माणसाशी मनात भांडत होतो. आंघोळ करताना, शटर उघडताना, देवापुढे डोळे मिटल्यावरसुद्धा. रोज त्याचा चेहरा बदलायचा. आता तिथे कोणी नाही. रिकाम्या खोलीत ओरडून यावं तसं झालंय. लहानपणापासून मला एका गोष्टीचा आधार वाटत आलाय, की आपल्याला न दिसणारं कोणीतरी आपल्याकडे बघतंय. पण तो बघतो तेव्हा हातात कात्री का आहे तेही बघतो, अशी माझी समजूत. तुमच्या त्या यंत्राला फक्त कात्री दिसते.

लिहून देऊ नकोस. यावर पुन्हा पत्र नको. आपलं काम व्हावं म्हणून तुझं नाव पुढे करायचं, हे मी एकदा करून बसलोय. तुला विचारून करणं आणि न विचारता करणं यात फरक आहे असं तू म्हणशील. फरक तुला असेल, मला नाही. माझ्या पानापायी तुझ्या दारात दावा नको. कधी काळी तुला तुझ्यासाठी, तुझ्यासारख्या तिथे बसणाऱ्या मुलींसाठी लिहावंसं वाटलं, तर जरूर लिही, तेव्हा मी सोबत येईन. माझ्यासाठी नको.

तुझ्या आईला मी सगळं सांगितलं. ती पहिल्यांदा मला रागावली, मग तुला, मग दोघांना एकदम. आता बोलते आहे. घरखर्चाचं मी तिच्याशी बोललो आहे, त्यात तू पडू नकोस.

दुकानाचं असं झालं. ठोक्याची माफी मागायला म्हणून मी पुन्हा शोरूमच्या मागच्या दाराशी गेलो. तो आत होता. मी थांबलेला बघून मालकांनीच आत बोलावलं, वरच्या काचेच्या खोलीत बसवलं, चहा दिला. पान बंद झाल्याचं त्यांना माहीत होतं. म्हणाले, आमच्याकडे दुरुस्तीचं काम येतं ते आमच्या हातांना पुरत नाही, तुम्ही घ्या, तुमच्या दुकानात करा, वर नाव आमचं लागेल. मी दोघी शिवणाऱ्यांचा विचार केला आणि हो म्हटलं. मग ते म्हणाले, त्या ओळीही लिहून देत जा, लोकांना आवडतात. मी म्हटलं, शिलाई देतो, ओळी नाही. हसले. म्हणाले, काही हरकत नाही, आधीच्या आम्हाला पुरतील.

दोघी राहिल्या. थोरलीने धाकटीला माझ्यामार्फत कळवलं, की उद्यापासून वेळेवर या.

खाली आलो तर ठोक्या दारात उभा होता. मी हात जोडले. सगळं सांगितलं, यंत्राचं, तुझं, माझ्या अर्जाचं. तो ऐकून घेत होता. शेवटी म्हणाला, जाऊ द्या मालक. मी निघालो. चार पावलं गेल्यावर त्याने हाक मारली.

“मालक, एक विचारू? तक्रार झाली असती, तर फायदा कोणाचा होता?”

मी म्हटलं, शोरूमचा.

“तुमचा संशयही त्यांच्यावरच जास्त होता?”

मी म्हटलं, हो.

“मग त्या दिवशी ओरडलात माझ्यावर, आणि त्यांना आपल्या कृपेने म्हणालात. ते का?”

टोमणा नव्हता त्याच्या बोलण्यात. त्याला खरोखर जाणून घ्यायचं होतं. तो उभा राहिला, मीही उभा राहिलो. तुझं पत्र खिशात होतं. त्यात तू दोन रांगांबद्दल लिहिलं होतंस, एकीत विचारतात आणि दुसरीत विचारत नाहीत. वाचताना मी त्या कंपनीला काय काय बोललो होतो.

मी त्याला म्हटलं, उद्या सांगतो. तो बरं म्हणाला.

तो उद्या होऊन आठवडा झाला. रोज सकाळी काम उचलायला मला त्याच मागच्या दारातून जावं लागतं, आणि दार तोच उघडतो.

तुझा मामा